मुख्य प्रेक्षक

त्या दुकानातल्या प्रत्येक पडद्यावर पोपट होते. पोपट संपले की फुलांची शेतं, शेतं संपली की मधात बुडणारा चमचा, आणि पुन्हा पोपट. हेमलता मगदूम आठवड्यात तिसऱ्यांदा आली होती आणि आता तिला त्या पोपटांचा राग यायला लागला होता. एखादी साधी चुन्याची भिंत दाखवता येईल का, असं तिनं विक्रेत्याला विचारलं. नाहीतर एखाद्या बाईचा चेहरा, रंगरंगोटी न केलेला. विक्रेता हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करताहेत.

ती गंमत करत नव्हती. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कोरं कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, ती एकतीस वर्षं शेड मास्तर होती. व्यापारी बोटभर चिंधी पाठवायचा, असाच रंग हवा म्हणायचा, आणि दहा हजार मीटर कापड त्या चिंधीसारखं उतरलं की नाही ते हेमलता ठरवायची. रंग मोजायची यंत्रं केव्हाच आली होती. ती यंत्रं आकडा सांगायची. पण खाली 'पास' लिहून सही करायची ती हेमलतानं, उजेडाच्या पेटीत दोन्ही तुकडे शेजारी धरून. अशा बाईला पोपट दाखवून टीव्ही विकणं सोपं नव्हतं.

टीव्ही अण्णांसाठी हवा होता. अण्णा म्हणजे तिचे यजमान, बाळगोंडा मगदूम. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, दिवसभर गावात पायी हिंडणारे गृहस्थ. पाठदुखीचं निमित्त झालं आणि तपासणीत मणक्याचा क्षयरोग निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी वर्षभराच्या गोळ्या दिल्या आणि पहिले सहा महिने जमेल तेवढं पडून राहायला सांगितलं. एका गोळीबद्दल त्यांनी वेगळं बजावलं. क्वचित कुणाच्या डोळ्याच्या शिरेवर ती परिणाम करते. आधी लाल रंग मळकट दिसायला लागतो, मग अक्षरं पुसट होतात. वेळीच गोळी थांबवली तर नजर बहुतेक परत येते, उशीर झाला तर येत नाही. डोळ्यांची पुढची तपासणी चार महिन्यांनी होती, कारण मणक्याच्या माणसाला सारखं मिरजेला हलवणं बरं नव्हतं. तोवर रोज एखादी लाल वस्तू बघायची, आणि ती मळकट वाटली तर त्याच दिवशी फोन करायचा.

दिवसभर छताकडे बघून माणूस खुळा होईल, असं मुलीनं, तृप्तीनं, पुण्याहून फोनवर सांगितलं. मोठा टीव्ही घ्या म्हणाली, आणि लगेच सतरा मॉडेलांची तुलना करणारा तक्ता पाठवून दिला. तक्त्यातल्या एका स्तंभाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. शेजारचे पाटील एकाचं कौतुक करत होते, प्रोसेसमधला इलेक्ट्रिशियन दुसऱ्याचं. हेमलतानं तक्ता मिटवला आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

दुकानात तीन जातीचे पडदे होते. पहिल्या जातीत पडद्यामागे हजारो बारके दिवे, आणि पुढच्या थरातून गाळून आलेला त्यांचा उजेड. चित्र झगझगीत, पण काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुक्यासारखं वलय दिसायचं, आणि बाजूला सरकून बघितलं तर रंग धुतल्यासारखे व्हायचे. अण्णांची कॉट हॉलमध्ये भिंतीला तिरकी लागणार होती. म्हणजे ती जात बाद. दुसऱ्या जातीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटायचा आणि स्वतःच विझायचा, म्हणून काळा रंग खरोखर काळा. हेमलताला तो पडदा मनापासून आवडला. पण तिच्या हॉलला पश्चिमेची खिडकी होती. तिनं विक्रेत्याला शटरजवळचे सगळे दिवे लावायला सांगितले, तेव्हा तो काळा रंग आरशासारखा झाला आणि त्यात तिला स्वतःचीच पर्स दिसली. शिवाय अण्णा दिवसातले सहा तास बातम्या बघणार. एकच पट्टी रोज त्याच जागी राहिली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उठतो, असं विक्रेत्यानं बरंच खोदून विचारल्यावर कबूल केलं.

तिसरी जात नवी होती. तिला तीन-रेषा पडदा म्हणायचे. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश, पण अगदी निवडलेले, लेझरसारखे शुद्ध. उन्हात फिके पडत नव्हते, बाजूनं बदलत नव्हते, डाग धरत नव्हते. फक्त त्यावरच्या माणसाचा पांढरा शर्ट हेमलताला पिवळसर दिसला. विक्रेता म्हणाला, पांढराशुभ्र आहे. ती म्हणाली, पिवळा मारतोय. तो आपल्या जागी ठाम, ती आपल्या जागी. शेवटी दुकानाचा मालक उठून आला आणि त्यानं भानगड समजावून सांगितली.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, पण त्या सगळ्यांच्या अगदी सारख्या नसतात. कुणाच्या तांबड्याकडे जरा झुकलेल्या, कुणाच्या निळ्याकडे कमी. उन्हात किंवा साध्या दिव्यात रंगांचा सगळा पट्टा एकत्र येतो, त्यामुळे माणसामाणसातला हा फरक झाकून जातो. तीन-रेषा पडद्यात मात्र रंगांची तीनच टोकं असतात आणि ती प्रत्येकाच्या डोळ्यात थोडी वेगळ्या ठिकाणी टोचतात. एकाच्या पांढऱ्यात दुसऱ्याला छटा दिसते. म्हणजे विक्रेता खरं बोलत होता आणि हेमलताही.

यावर कंपनीनं उपाय काढला होता, नेत्रमेळ. पडद्याच्या खालच्या कडेला एक बारीक कॅमेरा बसवलेला. सुरुवातीला ठिपके जुळवायचा दहा मिनिटांचा खेळ खेळायचा, की पडद्याला तुमचा डोळा कळतो. पुढे रोज चालू कार्यक्रमातच तो मधूनमधून रंगांचे जाणवणार नाहीत इतके हलके झोके देतो, बुबुळ कसं प्रतिसाद देतं ते बघतो आणि चित्र तुमच्या डोळ्याला जुळवत राहतो. हेमलतानं खेळ खेळला. शर्ट पांढरा झाला. इतका पांढरा, की तिला वाद घालायला काही उरलं नाही. तिनं तोच टीव्ही घेतला.

*

बसवायला आलेल्या माणसानं अण्णांचा आणि तिचा, दोघांचेही डोळे नोंदवून घेतले. समोर दोघं असतील तेव्हा चित्र कुणाला जुळवायचं, असं त्यानं विचारलं. मधला मार्ग काढता येतो, पण तो कुणालाच धड दिसत नाही, असंही तो म्हणाला. जास्त वेळ कोण बघणार? हेमलतानं कॉटकडे बोट दाखवलं. त्यानं अण्णांच्या नावापुढे 'मुख्य प्रेक्षक' अशी खूण केली आणि गेला.

अण्णा खूश होते. कुस्त्यांच्या जुन्या दंगली, बातम्या, हिमालयातल्या रस्त्यांवरचे कार्यक्रम, सगळं ते उशीला टेकून बघायचे. भिंतीएवढ्या चित्रापुढे त्यांचं दुखणं जरा लहान झालं. वर्तमानपत्र त्यांनी बंदच केलं. सगळं इथं कळतंय की, म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलेली लाल रंगाची परीक्षाही ते रोज सकाळी टीव्हीवरच करायचे. बातम्यांची लाल पट्टी बघायची आणि म्हणायचं, लाल आहे. हेमलता स्वयंपाकघरातून 'बरं' म्हणायची आणि डब्याला लागायची.

दोन महिने बरे गेले. मग टीव्ही बिघडला. निदान हेमलताला तसं वाटलं.

संध्याकाळी कामावरून येऊन ती अण्णांच्या पायथ्याशी खुर्चीत बसायची. एक दिवस तिला बातम्या सांगणाऱ्या मुलीचे गाल तापल्यासारखे दिसले. दुसऱ्या आठवड्यात कुस्तीच्या आखाड्यातली माती कुंकवासारखी झाली आणि प्रेक्षकांमागची झाडं विषारी हिरवी. तिनं अण्णांना विचारलं, तर त्यांना काहीच वावगं दिसत नव्हतं. छान आहे की, म्हणाले. तिनं सेटिंग उघडली. तिथं रंगाचे बाराच्या बारा काटे मध्यावर उभे होते.

तिनं कंपनीला फोन केला. यंत्रातल्या आवाजानं तिला टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. पुन्हा फोन केला तेव्हा दुसऱ्या आवाजानं तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी खरं माणूस मिळालं आणि त्यानं टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. शेवटी घरी माणूस आला तो नेमका अण्णांना रक्त तपासायला नेलेल्या दिवशी. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेली तृप्ती गेली होती. हेमलता माणसासाठी थांबली होती. तिनं टीव्ही लावला, आणि चित्र अगदी बरोबर. गाल गालांसारखे, माती मातीसारखी. माणसानं आपल्या उपकरणानं पडदा मोजला, सगळे आकडे हिरवे आले. हेमलता त्याला कालपर्यंत काय दिसत होतं ते सांगत राहिली आणि तो नम्रपणे मान हलवत राहिला. जाताना म्हणाला, की कधीकधी दिवसभर रंगात काम केलं की डोळे थकतात, काकू.

ते तिला भयंकर लागलं. रात्री जेवताना ती त्यावरच बोलत राहिली. अण्णा म्हणाले, जाऊ दे. तृप्ती म्हणाली, आई, तुला सवयच आहे प्रत्येक रंगात खोट काढायची. आणि मागे भिंतीवर ती लाल माती पुन्हा पसरलेली होती, आणि ती दिसत होती फक्त तिला. तृप्तीही नीट बघत नव्हती; तिचं लक्ष फोनमध्ये होतं.

मग हेमलतानं तेच केलं जे ती कामावर करायची. तोंडी वादात शेड कधी ठरत नाही, पुरावा लागतो. प्रोसेसमध्ये तिच्या बरोबरीनं बारा वर्षं काम करणारी रुकैया मुजावर होती. तिच्याकडून तिनं लाल कापडी पट्ट्यांचा एक संच मागून घेतला. विटकरीपासून डाळिंबीपर्यंत चोवीस पट्ट्या, प्रत्येकीवर नंबर. रोज संध्याकाळी बातम्यांची ती लाल पट्टी आली, की त्या पट्ट्या पडद्याला लावून बघायची, सर्वांत जवळचा नंबर वहीत टिपायचा. पहिल्या दिवशी अकरा. चार दिवसांनी तेरा. दहा दिवसांनी सोळा. तिसऱ्या आठवड्यात एकोणीस. पडदा दिवसेंदिवस लाल होत चालला होता, थांबून थांबून, पण एकाच दिशेनं. थकलेले डोळे असं मोजून थकत नाहीत.

*

एका रविवारी, दुपारचा चहा झाल्यावर, अण्णा वॉकर धरून बाथरूमला गेले. हेमलता पट्टी हातात घेऊन पडद्यासमोर उभीच होती. दार लागल्याचा आवाज आला, आणि तिच्या डोळ्यांसमोर पडद्यातला लाल उतरला. गरम दुधावरची साय ओढली जावी तसा, दोन श्वासांत. मुलीचे गाल साधे झाले. झाडं शांत झाली. पट्टी क्रमांक आठ, वहीतल्या पहिल्या नोंदीच्याही खाली.

ती हलली नाही. दार उघडलं, वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत आले, अण्णा कॉटवर बसले आणि पडद्याकडे बघू लागले. लाल पुन्हा चढला. एकोणीस.

तिला आधी रागच आला. म्हणजे टीव्ही ठीक होता, कंपनीचा माणूस ठीक होता, तिचे डोळेही ठीक होते. चित्र बदलत होतं ते समोर कोण बसलंय ते बघून. आणि मग त्या रागाखालून दुसरी गोष्ट वर आली. पडदा चित्र अण्णांच्या डोळ्याला जुळवत होता. डोळ्याला जेवढा लाल कमी पडेल, तेवढा तो भरत होता.

तिनं दोन तुकडे ओढून काढले. एक संचातली गडद लाल पट्टी, सतरा नंबरची. दुसरा संचाबाहेरचा. पर्समध्ये पडलेला खाकी गणवेशाच्या कापडाचा तुकडा होता. खिडकीपाशी उजेडात घेऊन तिनं दोन्ही अण्णांच्या हातात दिले.

"अण्णा, यातला लाल कुठला?"

अण्णांनी तुकडे उलटेपालटे केले. चष्मा वर सरकवला. डावीकडचा जवळ धरला, मग उजवीकडचा.

"हे काय ग," ते म्हणाले, "दोन्ही तर एकाच रंगाचे दिलेस."

*

मिरजेला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळवली. मागच्या सीटवर अण्णांना आडवं ठेवून, रात्रीच पुण्याहून आलेल्या तृप्तीनं गाडी चालवली. डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी ठिपक्यांतले आकडे वाचायला दिले. अण्णांना बारापैकी एक वाचता आला. अक्षरांच्या तक्त्यावरही ते चौथ्या ओळीत अडले. गोळी त्याच दिवशी बंद झाली, दुसरी सुरू झाली.

डॉक्टर बाईंनी अण्णांना विचारलं, की लाल मळकट दिसत असल्याचं तुमच्या लक्षात आलं नाही का. अण्णा ओशाळले. रोज सकाळी बघत होतो, म्हणाले. टीव्हीवर लख्ख लाल दिसायचा. खोलीतल्या बाकीच्या गोष्टी जरा मळक्या वाटायच्या, पण त्यांना वाटायचं पडद्यापुढे घर फिकं दिसतंय, सगळ्यांनाच तसं दिसत असेल. बाईंनी हेमलताची वही मागून घेतली, नंबर आणि तारखा वाचल्या आणि त्या कागदाचा फोटो केसपेपरला जोडला. शिरेला इजा झालीय, म्हणाल्या, पण फार जुनी नाही. भरून यायला महिने लागतील. किती भरेल ते आज सांगता येणार नाही.

परतीच्या रस्त्यात अण्णा एवढंच म्हणाले, की ऊस चांगला उभा आहे. हेमलतानं खिडकीबाहेर पाहिलं. ऊस हिरवागार होता. त्यांना कसा दिसतोय हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

घरी पोचल्यावर तिनं पहिलं काम केलं ते नेत्रमेळ बंद करायचं. सहा पडदे ओलांडून, तीन वेळा 'नक्की का' असं विचारून घेऊन तो एकदाचा बंद झाला. चित्र साधं झालं. तिला हायसं वाटलं. तिनं मागं वळून बघितलं तर अण्णा पडद्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलला होता.

कुस्तीच होती. आखाडा आता त्यांना शेणकुटाच्या भुशासारखा दिसत होता, मल्लांचे लंगोट आणि अंगं एकाच चिखलाची. कितीतरी आठवडे रोज थोडंथोडं गेलेलं सगळं त्यांच्यापुढं एका क्षणात गेलं होतं.

"हे असं आहे?" त्यांनी विचारलं. "सगळं? भाजीपण? तूपण?"

"डॉक्टर म्हणाल्यात, भरून येईल."

"ते मी ऐकलंय. तू बंद केलंस, मला विचारलंस का?"

ती चिडली. ज्या यंत्रानं डोळ्यात धूळ फेकली ते चालू ठेवायचं? तिला महिनाभर सगळ्यांनी मूर्खात काढलं ते विसरलात काय? अण्णांनी आवाज चढवला नाही. डेपोत गाड्या उशिरा आल्या की लोक अंगावर यायचे, तेव्हाही ते चढवत नसत.

"आजाराचं मला आता कळलंय," ते म्हणाले. "लपवायचं काही राहिलं नाही. दिवसातला कधी लाल बघायचा आणि कधी नाही, हे मी ठरवणार. तू नाही आणि टीव्हीपण नाही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ काहीतरी घासत बसली. मग येऊन त्यांच्या हातात रिमोट दिला, नेत्रमेळाचं बटण कुठं आहे ते दाखवलं. त्या दिवसापासून कुस्तीला तो चालू असायचा आणि बातम्यांना बंद. सकाळी ती कामावर जाण्याआधी खिडकीपाशी चोवीस पट्ट्या मांडायची आणि अण्णा त्या फिक्याकडून गडदकडे लावायचे. पहिल्या सकाळी त्यांनी लावलेला क्रम बघून तिला रडू आलं. तिनं तो न बोलता टिपून घेतला. कित्येक आठवडे काही हललं नाही. मग विटकरी पट्टी आणि तो खाकी तुकडा वेगळे झाले. मग एक दिवस अण्णा म्हणाले, की या दोन पट्ट्यांत कसलातरी फरक आहे, कसला ते सांगता येत नाही. चौथ्या महिन्यात उजव्या डोळ्यानं ते बारापैकी दहा आकडे वाचू शकले, डाव्यानं सहा. डाव्याचं एवढंच राहील बहुधा, डॉक्टर बाई म्हणाल्या.

*

तृप्तीनं कंपनीकडे तक्रार केली होती. पंचावन्न दिवसांनी उत्तर आलं. उपकरणानं अपेक्षेप्रमाणे कार्य केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. नेत्रमेळ हे वैद्यकीय साधन नाही. प्रेक्षकाला उत्तम चित्र दिसावं एवढाच त्याचा हेतू. डोळ्यांच्या नोंदी फक्त मागितल्यावर दिल्या जातात, त्या सोबत जोडल्या आहेत. हेमलतानं ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज इतका चढला, की पाटलीणबाई खिडकीत आल्या. ज्या कंपनीनं रोजच्या रोज अण्णांचा डोळा मंद होताना पाहिला, त्या कंपनीनं तो फक्त लाल ओतून भरून काढला आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. कारण कुणी विचारलंच नव्हतं. नोंदीत घसरण तिला पहिला फरक दिसला त्याच्याही पंधरा दिवस आधी सुरू झालेली दिसत होती. पंधरा दिवस. डावा डोळा त्यात वाचला असता की नाही हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. तृप्ती म्हणाली, ग्राहक मंचात जायचं. हेमलता म्हणाली, जायचंच.

अण्णा भिंग घेऊन पुढची पानं बघत होते. त्यांना आता बसता यायचं, पट्टा बांधून तासभर.

"हेमा," ते म्हणाले, "दुसऱ्या पानावर तू आहेस."

तिनं पाहिलं. तिचं नाव, जन्मसाल, तीन रेघा. लाल आणि हिरवी रेघ वर, नेटकी. निळी खूप खाली, सरासरीच्या पट्ट्याच्याही खाली, आणि पहिल्या दिवसापासून तिथंच. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की वाढत्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. बदल इतका सावकाश होतो, की माणसाला तो जाणवत नाही. उपकरणानं त्यानुसार निळ्याची भरपाई केली आहे.

यंत्राला काय कळतंय, असं ती म्हणाली. मोतीबिंदू नाही, काही नाही, सहा महिन्यांपूर्वीच चष्म्याचा नंबर तपासलाय. एकतीस वर्षं तिच्या सहीवर माल परदेशात जातोय. अण्णा ऐकत राहिले. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी कागद तिच्या बाजूला सरकवला.

"माझ्याबद्दल या यंत्राला सगळं माहीत होतं," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं नाही, म्हणून तर आपण भांडतोय ना? मग मी तरी तुला न सांगता कसा बसू?"

ती आणखी चिडली. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्या संध्याकाळी टीव्ही लावलाच नाही.

सोमवारी प्रोसेसमध्ये आकाशी रंगाचा लॉट आला, शाळेच्या गणवेशाचा. यंत्रानं त्यावर नापासचा आकडा टाकला होता. हेमलतानं उजेडाच्या पेटीत व्यापाऱ्याची चिंधी आणि नवं कापड शेजारी धरलं. दोन्ही एकच होते. केसाइतकाही फरक नव्हता. गेल्या दोन महिन्यांत तिनं दोनदा यंत्राला खोटं ठरवून पास लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा आकाशीच रंग होता, हे तिला पेन उघडताना आठवलं. एक माल व्यापाऱ्यानं परत पाठवला होता. तेव्हा ती त्याच्यावर डाफरली होती.

ती पेन तसंच धरून उभी राहिली. खाली मशीनवाले निरोपाची वाट बघत होते. तिनं पेन मिटलं आणि दुसऱ्या टेबलावरून रुकैयाला बोलावलं.

"हे बघ," ती म्हणाली. "मला काय दिसतंय ते विचारू नकोस. तुला काय दिसतंय ते सांग."

रुकैयाला काही कळलं नाही. पण तिनं पेटीत डोकं घातलं, तुकडे उलटे करून पाहिले, दिवा बदलून पाहिला. मग जरा चाचरत म्हणाली, की कापड पिवळट मारतंय, मॅडम. जास्त नाही. पण मारतंय.

हेमलतानं पुन्हा पाहिलं. तिला अजूनही दोन्ही एकच दिसत होते. तिनं नोंदवही ओढून घेतली, नापासच्या रकान्यात खूण केली, आणि सहीच्या जागेवर बोट ठेवून पेन रुकैयाच्या हातात दिलं.

"इथं," ती म्हणाली. "आणि तारीख घाल."